पाळकाचा पगार, उपदेशकाची गाडी आणि मंडळीचा हिशेब

या अंकासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत पैशाचाच विषय जास्त आहे. सेवकाने, म्हणजे चर्चच्या पाळकाने किंवा उपदेशकाने, कसे राहावे, मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) त्याला किती द्यावे, कोणी मोजावे, असे हे प्रश्न आहेत. त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत. विनंतीप्रमाणे नावे गाळली आहेत.

प्रश्न (मिरज): सलाम. आमच्या तरुण संघातली मुले मोबाइलवर परदेशी उपदेशकांचे संदेश ऐकतात. या उपदेशकांची स्वतःची विमाने आहेत, महालासारखी घरे आहेत. ते म्हणतात, अब्राहाम श्रीमंत होता, शलमोन श्रीमंत होता, येशूकडेही पैशाची थैली होती, मग राजाच्या लेकरांनी गरिबीत का राहावे? मुलांना शास्त्रातून काय सांगावे?

उत्तर: त्यांनी दिलेलीच उदाहरणे घ्या आणि मुलांना तो तो अध्याय पूर्ण वाचायला लावा. अब्राहाम श्रीमंत होता. त्याची संपत्ती म्हणजे गुरेढोरे, सोने आणि रुपे. त्यात मिसरात फारोने दिलेली जनावरेही होती, पण तो प्रसंग अब्राहामाच्या खोटेपणाचा आहे, मोठेपणाचा नाही. त्याला कोणाच्या अर्पणातून एक पैसाही आलेला नव्हता. उत्पत्तीच्या १४ व्या अध्यायात सदोमाचा राजा त्याला लुटीतला माल देऊ करतो, तेव्हा तो सुताचा दोरा किंवा पायतणाचा बंदसुद्धा घेत नाही. ‘अब्राम माझ्यामुळे श्रीमंत झाला’ असे कोणी म्हणू नये, हे कारणही तो देतो. त्याच अध्यायात तो मलकीसदेक या राजा-याजकाला दशमांश (दहावा हिस्सा) देतो. म्हणजे देणारा अब्राहाम आहे. गोळा करणाऱ्याने त्याचा दाखला देऊ नये.

शलमोन तर राजा होता, याजक नव्हता. राजाने घोडे, बायका आणि सोने-रुपे वाढवू नयेत असा नियम अनुवाद १७:१६-१७ मध्ये आहे आणि शलमोनाने तिन्ही वाढवले. त्याने लादलेल्या जोखडामुळेच पुढे राज्य फुटले (१ राजे १२).

आता थैली. ती यहूदाकडे होती आणि तो तिच्यातले चोरत असे, असे योहान १२:६ सांगते. यावरून येशू श्रीमंत होता असे कसे म्हणता येईल? येशूच्या जन्मानंतर मरियेने मंदिरात होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिले हे अर्पण केले (लूक २:२४), आणि लेवीय १२:८ प्रमाणे ते अर्पण ज्या बाईला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी होते. पुढे सेवेच्या काळात खुजाची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत (लूक ८:३). म्हणजे तो लोकांच्या देण्यावर जगला, आणि त्या देण्याच्या मापातच जगला.

३ योहान २ मधले ‘तुझे सर्व बाबतींत बरे चालावे’ हे वाक्य तर या उपदेशकांचे हुकमी शस्त्र आहे. ते गायसाला लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीचे क्षेमकुशल आहे. आपण पत्रात ‘तुमची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे’ असे लिहितो, त्यातून कोणी वैद्यकीय सिद्धांत काढत नाही.

सेवकाने भुकेले राहावे असे मात्र शास्त्र कुठेच म्हणत नाही. १ करिंथ ९:१४ स्पष्ट आहे: सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी. पण लगेच पुढच्या ओवीत पौल म्हणतो की या हक्काचा मी उपयोग केलेला नाही. हक्क आहे, पण तो वापरायला मर्यादा आहे. १ तीमथ्य ३:३ मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, द्रव्यलोभी नसावा अशी अट आहे. म्हणजे एखादा पाळक कितीही चांगला बोलत असला, तरी त्याचा पैशाशी असलेला संबंध हा त्याच्या पात्रतेचा भाग आहे. हा त्याचा खाजगी मामला म्हणून सोडून देता येत नाही.

जेसी डुप्लांटिस या अमेरिकन उपदेशकाने २०१८ मध्ये सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरच्या विमानासाठी श्रोत्यांना साथ द्यायला सांगितले. ते त्यांचे चौथे विमान ठरणार होते. त्याआधी, २००७ मध्ये, सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी सहा मोठ्या टीव्ही उपदेशकांच्या संस्थांकडे पगार, घरे आणि विमानांचा तपशील मागितला होता. सगळ्यांनी तो पूर्ण दिला नाही, आणि २०११ मध्ये ती चौकशी कोणावरही कारवाई न होता संपली. तिथल्या चर्चना इतर संस्थांसारखे वार्षिक विवरणपत्र सरकारकडे भरावे लागत नाही. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवून तपासून घ्यावेच लागतात. ही आपली जमेची बाजू आहे, आणि तिचा उपयोग कसा करायचा ते खाली सांगलीच्या प्रश्नात पाहा.

प्रश्न (कराड): आमची मंडळी स्वतंत्र आहे, साठेक घरे आहेत. पंच म्हणतात की पाळकाने विश्वासाने जगावे, त्यामुळे पगार अगदी तुटपुंजा आहे. आता एका कुटुंबाने पाळकसाहेबांना नवी चारचाकी भेट दिली आणि मंडळीत दोन तट पडले. पगार ठरवायची काही पद्धत आहे का?

उत्तर: तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या आहेत. पगार कमी ठेवला की पाळकाला खाजगी भेटींवर जगावे लागते, आणि ज्या घरातून भेटी येतात त्या घराला दुखावेल असे बोलणे त्याला अवघड जाते. ‘विश्वासाने जगा’ हे पंचांनी पाळकाला सांगायचे वाक्य नव्हे. विश्वासाने द्यायचे काम पंचांचे आहे. मिशनच्या काळात पगार मिशनकडून येई, डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) मंडळ्यांत तो अजूनही वरून ठरतो, त्यामुळे स्वतंत्र मंडळ्यांना पगार ठरवायची सवयच लागली नाही.

पद्धत अशी. पाळकाच्या आणि एकमेकांच्या नात्यात नसलेली तीन माणसे नेमा. त्यांत घरखर्च चालवणारी एक बाई असू द्या, कारण गॅस, किराणा आणि शाळेची फी यांचा खरा आकडा तिलाच माहीत असतो. पाळकांना समोर बसवून घासाघीस करू नका. त्यांच्याकडून घराची गरज लेखी घ्या आणि त्यांच्या गैरहजेरीत चर्चा करा.

माप म्हणून मंडळीचीच कमाई घ्या. खजिनदाराने नावे न लिहिता प्रत्येक घराकडून महिन्याच्या अंदाजे उत्पन्नाची चिठ्ठी घ्यावी आणि चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावाव्या. ६१ चिठ्ठ्या आल्या तर ३१ वी चिठ्ठी मधली. पाळकाचे एकूण मानधन त्या आकड्याच्या आसपास ठेवा. सरासरी काढू नका. एखादा मोठा बागायतदार किंवा डॉक्टर असला की सरासरी फुगते. मधल्या घराइतके मिळाले की पाळक मंडळीतल्या निम्म्या घरांहून श्रीमंत नसतो आणि निम्म्यांहून गरीब नसतो. निवडायला यापेक्षा सरळ रेषा आम्हाला तरी दिसत नाही.

दशमांशाचे गणितही हेच सांगते. दहा घरांनी खरोखर दहावा हिस्सा दिला, तर त्यांच्या सरासरी कमाईइतकी कमाई अकराव्या घराला मिळते. साठ घरांनी दिला तर सहा घरांची कमाई जमते. त्यातली एका घराची पाळकाला दिली तरी पाच उरतात: इमारत, विधवा, आजारी, सुवार्ताकार्य. या उरलेल्या पाचांना हात घातल्याशिवाय चैन परवडतच नाही. मंदिरसेवा करणाऱ्या लेवींनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यावा लागे (गणना १८:२६), हे दशमांशावर संदेश देताना बहुधा राहून जाते.

मूळ पगार वेगळा आणि खर्च वेगळे लिहा. घरभेटींचा प्रवास प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, आरोग्य विम्याचा हप्ता मंडळीकडून, आणि निवृत्तीसाठी दरमहा ठरावीक रक्कम. या शेवटच्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. पाळक तीस वर्षे मंडळीच्या घरात राहतो, साठाव्या वर्षी सामान बाहेर काढतो आणि स्वतःचे छप्पर नसते. ही धास्ती चाळिशीतच लागते. सरळ माणूस वाकड्या वाटेला लागतो तो अनेकदा इथे. त्याच्या स्वतःच्या नावाने पीपीएफ खाते काढा. दरमहा २,००० रुपये भरले तर १५ वर्षांत ३,६०,००० भरले जातात, आणि ७.१ टक्के व्याजदर तसाच राहिला तर हाती सहा लाखांच्या वर येतात. भरणा दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत करा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज बुडते. नोकरी लागल्यापासून सुरू केले तर मुदत वाढवून रक्कम बरीच मोठी होते.

इतके देणे शक्यच नसेल तर तसे उघड सांगा. पौल राहुट्या करीत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). पाळकाला शाळेत, दुकानात किंवा शेतात काम करू द्या, आठवड्याचे कोणते दिवस मंडळीचे ते कागदावर लिहा आणि मग बुधवारी घरभेट झाली नाही म्हणून कुरकुर करू नका. जवळच्या दोन-तीन मंडळ्यांनी मिळून एक पाळक ठेवणे हाही चांगला मार्ग आहे.

गाडीबद्दल. गाडी मोठी की लहान हा नंतरचा प्रश्न, आधी आरसी बुकावर नाव कोणाचे ते पाहा. देणाऱ्या कुटुंबाची हरकत नसेल तर ती न्यासाच्या नावावर करा, जंगम मालमत्तेत दाखवा आणि गाडीत एक वही ठेवा: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कारण. घरगुती फेऱ्यांचे पैसे पाळकांनी किलोमीटरप्रमाणे भरावेत. देणाऱ्यांना गाडी पाळकांच्याच नावावर हवी असेल, तर ती मंडळीसाठी नव्हती हे कळले. तेव्हा पाळकसाहेबांनी ती प्रेमाने परत करावी. तट त्याशिवाय मिटणार नाहीत.

प्रश्न (सातारा): ना. वा. टिळकांनी पगार सोडला होता असे वडीलधारी माणसे सांगतात. मग आजच्या सेवकांनी का सोडू नये?

उत्तर: रेव्हरंड टिळक १९१७ मध्ये मिशनच्या पगारी सेवेतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा तो निर्णय मोठा होता आणि साताऱ्याच्या मंडळ्यांनी तो अभिमानाने सांगावा. पण तो त्यांनी स्वतः, स्वतःपुरता घेतला होता. पंचांनी ठराव करून दुसऱ्याला संन्यास देता येत नाही. आणि संन्यास घेतलेल्याच्या घरीही चूल पेटवावी लागतेच. ती कोण पेटवते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आयुष्य माहीत असलेल्या वाचकांना सांगायला नको.

कॅथलिक वाचकांसाठी एक खुलासा. जेजुइटांसारख्या संघांतले फादर दारिद्र्याचे व्रत घेतात. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचे वचन देतात, दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. साधेपणाची अपेक्षा मात्र दोघांकडूनही असते. जर्मनीत लिम्बुर्गच्या बिशपांचे निवासस्थान आणि परिसर सुमारे ३ कोटी १० लाख युरोंवर गेला, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये त्यांना कामापासून दूर केले आणि २०१४ मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला.

स्वतःला मर्यादा घालू इच्छिणाऱ्या सेवकाला जॉन वेस्ली यांचा मार्ग जवळचा वाटेल. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा ते २८ त भागवत आणि २ देत. उत्पन्न ६० झाले तरी खर्च २८ च ठेवला आणि ३२ दिले. महागाईप्रमाणे आकडा बदला, पण पगारवाढ झाली की राहणीही वाढलीच पाहिजे असे नाही.

प्रश्न (वाई): उज्जीवन सभेला बाहेरून आलेल्या उपदेशकांनी ‘बीजाचे अर्पण’ मागितले, म्हणजे आज पेराल तर देव अनेकपट परत देईल असे सांगून दान मागितले. ज्यांना ५,००० द्यायचे त्यांनी उभे राहा, असे सांगितले. काही बायकांनी बचत गटातून कर्ज उचलून दिले. हे योग्य आहे का?

उत्तर: अजिबात नाही. त्या बायकांचे पैसे परत करणे हे आयोजक मंडळीचे पहिले काम आहे. २ करिंथ ९:७ म्हणते, कोणी दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये. सगळ्यांसमोर उभे करणे म्हणजे भाग पाडणेच आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या नियमग्रंथात तर फिरत्या सेवकाविषयी सरळ लिहिले आहे की निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी, आणि पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा समजावा.

पुढच्या वेळी मानधन आधी पत्राने ठरवा. सभेतले अर्पण कशासाठी ते जाहीर करा, मंडळीच्याच थैल्या वापरा, मंडळीच्याच माणसांनी मोजा, आणि उपदेशकांना ठरलेली रक्कम बँकेतून द्या. उपदेशक आपले पाकीट, आपली पेटी किंवा आपला क्यूआर कोड घेऊन आले तर तिथेच थांबवा. बिली ग्रॅहम यांच्या सभांतही पूर्वी शेवटच्या दिवसाचे ‘प्रेमदान’ उपदेशकाला देण्याची रीत होती. १९५० मध्ये अटलांटाच्या वर्तमानपत्राने त्यांच्या हसऱ्या फोटोजवळ अर्पणाच्या पैशांनी भरलेल्या पोत्यांचा फोटो छापला. त्यानंतर ग्रॅहम यांनी प्रेमदान बंद केले आणि शहरातल्या पाळकाइतका ठरावीक वार्षिक पगार घेऊ लागले. बदनामी खोडत बसण्याऐवजी त्यांनी रीतच बदलली.

तेल, रुमाल किंवा बरे होण्याची हमी विकली जात असेल, तर मामला अधिक गंभीर आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा त्यात गुन्हा आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू होतो.

प्रश्न (सांगली): आमच्या चर्चच्या दारावर क्यूआर कोड आहे. स्कॅन केल्यावर पाळकांच्या मुलाचे नाव येते. हिशेब विचारला तर ‘देवाच्या सेवकावर बोट उचलू नका’ असे म्हणतात. साध्या सभासदाला काय करता येते?

उत्तर: बरेच करता येते. आणि हिशेब मागणे म्हणजे बोट उचलणे नव्हे. यरुशलेमेच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). शमुवेलाने तर म्हातारपणी लोकांसमोर उभे राहून विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले ते सांगा (१ शमुवेल १२:३).

आधी कोड. तो आजच काढायला लावा. न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, न्यासाचे पॅन आणि विश्वस्तांचा ठराव दिला की बँक न्यासाच्या नावाचा कोड देते. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर दिसणारे नाव न्यासाचे नसेल तर पाठवू नका.

मग रोख. भक्ती संपल्यावर चर्चमध्येच, उघड्या टेबलावर, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे. पाळकांनी हात लावू नये, हे त्यांच्याच संरक्षणासाठी आहे. छापील चिठ्ठीवर ५००, २००, १००, ५०, २०, १० च्या नोटा आणि नाणी वेगवेगळी लिहा, बेरीज अक्षरी करा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत खजिनदाराला आणि एक सचिवाला द्या. सोमवारी सगळीच्या सगळी रक्कम बँकेत भरा. गोंधळ इथेच होतो: त्यातून आधी इलेक्ट्रिशियनचे पैसे दिले जातात, पेट्रोल जाते, आणि उरलेले भरले जाते. मग बँकेची स्लिप आणि मोजणीची चिठ्ठी कधीच जुळत नाही, आणि चोरी झाली की विसराळूपणा, हे कोणालाच सांगता येत नाही. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवा. चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या असाव्यात, आणि एकाने कोऱ्या चेकांवर सही करून ठेवू नये. हंगामाच्या सणाला आलेली हळद, गूळ, ज्वारी, कोंबड्या यांच्या लिलावाची यादीही त्याच दिवशी लिहा: वस्तू, घेणाऱ्याचे नाव, रक्कम, मिळाली की बाकी. बाकी राहिलेले पैसे हमखास बुडतात.

आता कागद. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाचा ताळेबंद अनुसूची आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये असतो. तपासलेली ही दोन पाने विश्वस्तांकडे लेखी मागा. न दिल्यास सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. नऊमध्ये विश्वस्तांचे मानधन, आस्थापना खर्च आणि इतर खर्च पाहा. आठमध्ये ‘कर्जे व उचल’ पाहा. वर्षानुवर्षे फुगत जाणारी उचल कोणाच्या नावावर आहे, ते विचारा. पाळक, त्यांची पत्नी आणि भाऊ हेच विश्वस्त असतील तर सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. विश्वस्तांत झालेला बदल ९० दिवसांत कलम २२ खाली कळवावा लागतो, तो कळवला होता का हेही पाहा.

सगळ्यात मोठा पैसा दानपेटीत नसतो, जमिनीत असतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या मिशनच्या जागांची आजची किंमत मोठी आहे. अशी जमीन विकायला, किंवा इमारत आणि बिनशेती जागा ३ वर्षांहून अधिक आणि शेतजमीन १० वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. वर्षातून एकदा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढून वार्षिक सभेत वाचून दाखवा. परदेशातून येणारा धर्मकार्याचा पैसाही पाळकांच्या वैयक्तिक खात्यात घेता येत नाही. त्यासाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि नवी दिल्लीच्या स्टेट बँकेतले ठरलेले खाते लागते.

प्रश्न (विटा): एका विधवा बहिणीने उपकारस्तुती म्हणून सोन्याची बांगडी अर्पणाच्या थैलीत टाकली. तिच्याकडे दुसरे सोने नाही. घ्यावी की परत करावी?

उत्तर: लगेच जमा करू नका. पाळकीणबाई आणि आणखी एका बहिणीने तिच्या घरी जावे आणि कोणाच्या बोलण्यावरून दिली का, घरात आजारपण किंवा नवस आहे का, मुलांना माहीत आहे का, हे हळुवारपणे विचारावे. विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट मार्क १२:४१ पासून सुरू होते, पण तिच्या अगदी आधीच्या ओवीत येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो. दोन्ही एका दमात वाचायच्या आहेत. महिनाभर बांगडी नाव घातलेल्या, सह्या केलेल्या पाकिटात ठेवा. या काळात तिने मागितली तर कारण न विचारता द्या.

महिन्यानंतरही ती ठाम असेल तर तिचे मन मोडू नका. दोन वेगवेगळ्या सराफांकडे तिच्या माणसाला बरोबर घेऊन वजन आणि कॅरट तपासा. मोडीत घट किती धरली ते पावतीवर लिहून घ्या. पैसे न्यासाच्या खात्यातच येऊ द्या, आणि तिला ग्रॅम, दर व रक्कम लिहिलेली मंडळीची पावती द्या. पंचांपैकी किंवा पाळकांच्या घरातल्या कोणीही ती बांगडी विकत घेऊ नये, बाजारभावानेसुद्धा.